उपरण्याखालचा हात

साताऱ्याला मुलाकडे राहायला आल्यापासून मी दर आठ दिवसांनी केस कापायला जातो. केस म्हणाल तर दोन्ही कानांवर एकेक झुपका आणि मागे एक पट्टा, एवढाच ऐवज. आमचा न्हावी गुंडा तोंडाचा फटकळ आहे. "आवं अण्णा, मागल्या बुधवारी तर कापलं की. आता काय कापू, कान?" असं तो सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारतो. मी म्हणतो, तुला काय करायचंय, तू कात्री चालव. मग तो पाच मिनिटं हवेत कात्री वाजवतो आणि नंतर तेल लावून डोकं चोळून देतो. त्या चोळण्यासाठी मी जातो. माणसाचा हात अंगाला लागावा म्हणून जातो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

घरात वाईट कोणी नाही. मुलगा देवदत्त बँकेत आहे, सून चारुशीला शाळेत शिकवते. सकाळचा चहा स्टुलावर झाकून ठेवलेला असतो, जेवणाचं ताट वेळेवर येतं, गोळ्यांची डबी भरलेली असते. "अण्णा, काही हवंय का?" असं दोघंही दारातून विचारतात. पाडव्याला आणि दसऱ्याला पाया पडतात, तेवढी त्यांची बोटं माझ्या पावलांना लागतात. एरवी मला कोणी हात लावत नाही आणि लावायचं कारणही नाही. चार वर्षांत माझी तब्येत ठणठणीत राहिली, हाही एक दोषच म्हणायचा. तापबीप आला असता तर कोणी कपाळ तरी पाहिलं असतं.

तर अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात मला एक पोस्टकार्ड आलं. सांगलीच्या कुणा डॉक्टर स्वानंदी नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. अक्षर वळणदार. त्या एका दवाखान्यात मेंदूची चित्रं काढायच्या यंत्रावर काम करत होत्या. हाताला स्पर्श झाला की तो मेंदूत कुठे पोचतो, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. पेठेत पूर्वी उपरण्याखाली बोटांनी सौदे होत, तशी बोटं वाचणारी माणसं त्यांना हवी होती. मला फक्त यंत्रात पडून राहायचं होतं, कसली सुई नाही की औषध नाही. खाली उरलेल्या जागेत दुसऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या: "बाईनं मला गाठलं. पण ह्या कामाला दुसरा हात लागतो. यायचं तर ये, न्हाईतर मी दुसरा बघतो. इलाही."

इलाही बागवान हा हळदीचा अडत्या. शेतकरी माल त्याच्या दुकानी लावायचे आणि तो विकून द्यायचा. मी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी खरेदी करायचो. आमच्या वेळी भाव तोंडानं बोलत नसत. हळदीच्या राशीपाशी शेतकरी, हमाल, इतर खरेदीदार असे सगळे डोळे लावून उभे असायचे. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहायचो, हातावर उपरणं टाकायचो आणि त्याच्याखाली बोटांनी बोलायचो. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, असं पुढं. तळव्यावर नखाची रेघ ओढली तर अर्धा. तळव्यात अंगठा दाबला की सौदा पक्का. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, पाहिजे तर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. ह्याचे काही नियम होते. हात नेहमी उजवा. समोरच्यानं भाव दिला की बोटांनी उत्तर द्यायचंच, गप्प बसणं हा अपमान. आणि पटलं नाही तर हात बाहेर काढायचा. हात काढला की सौदा मोडला, त्यावर कुणी रागवायचं नाही. तीस वर्षं मी इलाहीचा हात असा धरला. त्याच्या बायकोनं तरी तितका धरला असेल की नाही कोण जाणे.

माझ्या बायकोनं मात्र माझा धरला. हरणाबाई तासगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा सांगलीत खणभागात आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं झोपत होती. नवराबायकोनं बोलायचं कुठं? दिवसा बोललं तर आई बघणार, रात्री बोललं तर सगळी ऐकणार. मग मी तिला गोधडीखाली पेठेतली बोटं शिकवली. भाव तिला काय कामाचे, म्हणून आम्ही आकड्यांना आमचे अर्थ लावले. एक बोट म्हणजे झोपलीस का. दोन म्हणजे आज काय झालं. तीन म्हणजे आईनं काही म्हटलं का. अंगठा दाबला की बरं. आणि चारही बोटं एकदम मुठीत धरली की सोड, जा, मला एकटीला राहू दे. बाई तापट होती, चार बोटं ती पुष्कळ वापरायची. तशी धरली की मी मुकाट हात काढून घ्यायचो आणि कूस बदलायचो. पुढं स्वतंत्र घर झालं, तोंडानं बोलायची मुभा झाली, तरी ही सवय राहिली. तोंडानं आम्ही भांडायचो फार. बोटांनी भांडण लांबत नसे.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, एका सकाळी तिच्या हातातून आमटीची वाटी पडली. ती म्हणाली, "आवं, ह्या हाताला मुंग्या आल्यात. वाटी हातात हाय का न्हाई तेच कळंना." मी चपला घालत होतो. म्हटलं, "दुपारी बघू. आज आवक लय हाय." त्या दिवशी खरंच आवक फार होती. दुपारी मी आलो नाही. साडेचारला आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे आणि वाचा गेलेली.

दवाखान्यात ती नऊ दिवस होती. बोलता येत नव्हतं, पण उजवा हात हलत होता. खाट भिंतीला लावलेली, डावी बाजू भिंतीकडे, मी उजवीकडे स्टुलावर. डॉक्टर गेले की चादरीखाली तिचा उजवा हात धरायचो आणि एक बोट दाबायचो. तिनं माझी चारही बोटं मुठीत धरली. मला वाटलं चुकून झालं असेल. दोन बोटं दाबली. पुन्हा चार. एवढ्या जोरात की नखं रुतली. अंगठा दाबला, माफी मागायची म्हणून पुन्हा दाबला. चारच. सात दिवस मी विचारत राहिलो आणि ती चारच बोटं धरत राहिली. सकाळी दवाखान्यात नेलं नाही म्हणून ती रागावली आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सातव्या दिवशी मी हात काढून घेतला आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर जाऊन बसलो. देवदत्तला म्हटलं, मला औषधांचा वास सोसत नाही. दोन दिवस मी आत गेलो नाही. नवव्या दिवशी दुपारी ती गेली तेव्हाही मी बाकड्यावर होतो.

महिन्याभरात मी धंदा बंद केला, सांगलीचं घर भाड्यानं दिलं आणि साताऱ्याला आलो. इलाहीला सांगितलंसुद्धा नाही; पुढं त्यानं माझा पत्ता काढला असेल तो भाडेकरूकडून. सगळे म्हणाले, बायकोच्या दुःखानं गेला. दुःख होतंच. पण त्याच्याखाली दुसरं काही होतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बाईचं शेवटचं बोलणं 'जा' हे होतं, आणि ते ऐकणारा मी एकटा होतो.

पोस्टकार्ड मी तीनदा वाचलं. स्पर्श मेंदूत कुठे जातो हे जिला दिसतं, तिला एखाद्या वेळी हेही सांगता येईल की हरणाबाई खरंच मला जा म्हणत होती का. दवाखान्यात तेव्हा तिच्या डोक्याची एक मोठी फिल्म काढली होती. ती मी जपून ठेवलेली होती, का ते मलाही ठाऊक नाही. कपाटातून ती काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत उभी घातली. कुठल्या गाडीनं येतो ते इलाहीला उलट टपाली कळवलं होतं. सुनेला म्हटलं, सांगलीला जरा काम आहे. ती म्हणाली, "सोबत येऊ का अण्णा?" मी नको म्हटलं. मग बसमध्ये वाटत राहिलं की येऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं.

डिसेंबरातला रविवार होता. कऱ्हाड, इस्लामपूर करत एसटी आष्ट्याला थांबली तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. माझ्या शेजारी बसलेला एक तरुण झोपेत माझ्या खांद्यावर रेलला होता. त्याला जाग येऊ नये म्हणून मी आष्टा ते सांगली पाय आखडून बसलो. स्टँडवर इलाही त्याची एम-एटी मोपेड घेऊन उभा. दाढी पांढरी झालेली, अंग उतरलेलं.

"कवा आलास?" त्यानं विचारलं.

"आत्ताच की. तुझ्यासमोर उतरलो."

"आजचं न्हाई इचारत. चार वर्सांत कवा आलास?"

मी पिशवी सावरली. तो म्हणाला, "वहिनींच्या मातीला मी व्हतो. तू माझ्याकडं बघितलंबी न्हाईस. म्हटलं, दुखात हाय, असू दे. मग महिन्यानं दुकानावर गेलो तर कुलूप. गड्या, एक कार्ड टाकायला काय जात हुतं?" मी मागं बसलो. पडू नये म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विश्रामबागेत दवाखान्यापाशी त्यानं गाडी थांबवली.

डॉक्टर स्वानंदी तिशीच्या आतबाहेरच्या. रविवारी पेशंट नसतात म्हणून यंत्र त्यांना अभ्यासाला मिळायचं. मला त्यांनी पहिल्या भेटीतच काका केलं. यंत्र म्हणजे भिंतीएवढा लोहचुंबक. जवळ धातू न्यायचा नाही. माझा चांदीचा करगोटा पडद्याआड उतरवून दिला, चष्मा दिला, पाकीट दिलं. इलाहीची अंगठी निघेना. तीस वर्षांपासून बोटात बसलेली. साबण लावून, गार पाण्यात बुडवून, शेवटी कशीबशी निघाली तेव्हा त्याचं बोट लालभडक झालं होतं. "सौदा व्हायच्या आधीच हातभर कातडं गेलं," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर मेंदू काढून समजावलं. उजव्या हाताचा स्पर्श डाव्या मेंदूत जातो. तिथं एका कानाच्या वरून टाळूपर्यंत एक पट्टी असते आणि तिच्यात सबंध अंगाची जागा वाटून दिलेली असते. पाठीला इवलीशी, बोटांना आणि ओठांना भली मोठी. मी म्हटलं, म्हणजे मार्केट यार्डातले गाळेच की. ज्याची उलाढाल मोठी त्याचा गाळा मोठा. बाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच, आणि उलाढाल वाढली की गाळाही थोडा पसरतो. तुमचा किती पसरलाय ते बघायचंय. ज्या जागेला काम पडेल तिथलं रक्त वाढतं, यंत्राला तेवढं दिसतं.

काम सोपं होतं. मी नळीत पडायचं, डोकं उशांत आवळलेलं. आधी बाई माझ्या हातावर नुसता ब्रश फिरवणार, मग इलाही बाजूला स्टुलावर. माझा उजवा हात त्याच्या हातात, वर उपरणं. बाई काचेमागून त्याला आकड्याचं कार्ड दाखवणार, तो बोटं धरणार. मी फक्त ओळखायचं. हलायचं अजिबात नाही.

यंत्र सुरू झालं तसा हळद पॉलिश करायच्या ड्रमसारखा खडखडाट कानांत भरला. इलाहीनं तीन बोटं धरली. त्याचा हात मी कुठंही ओळखला असता, करंगळीशेजारचं बोट जरा वाकडं. मग पाच. मग दोन आणि नखाची रेघ. मग खडखडाट थांबला आणि भोंग्यातून बाईंचा आवाज आला.

"काका, हात हलतोय. चित्र पुसट येतंय."

"मी नाही हलवत."

"हलतोय काका. मला इथून दिसतंय."

पुन्हा सुरू. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा बाई आत आल्या आणि उपरणं बाजूला करून बघत राहिल्या. इलाहीनं चार दिले की माझी बोटं आपोआप साडेतीन देत होती. मला पत्ता नव्हता.

इलाही म्हणाला, "बाई, ह्यो हलवत न्हाई. भाव दिला की उत्तर येणारच. न्हाई आलं तर मला राग यील."

"मग काय करायचं? हात बांधू का?" बाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना यंत्र दोन वाजेपर्यंतच मिळालं होतं.

मी नळीत पडल्या पडल्या विचार केला. इलाहीला म्हटलं, "आदी अंगठा दाब."

तो लगेच समजला. सौदा पक्का झाल्यावर अडत्या ठरलेला भाव बोटांनी पुन्हा एकदा सांगतो, पुढं कटकट नको म्हणून. तेव्हा खरेदीदारानं उत्तर द्यायचं नसतं, नुसतं ऐकून घ्यायचं असतं. इलाहीनं माझ्या तळव्यात अंगठा दाबला. माझा हात मऊ पडला. त्यानंतर त्यानं पाऊण तास काय वाटेल ते भाव दिले, प्रत्येक वेळी आधी अंगठा, आणि माझं एक बोट हललं नाही.

पाऊण तास एक माणूस माझा हात धरून बसला होता. मला त्यातले निम्मे आकडे आता आठवत नाहीत. एवढं आठवतं की डोळ्यांतून पाणी येऊन दोन्ही बाजूंनी कानांत जात होतं आणि हलायचं नाही म्हणून मला ते पुसता येत नव्हतं. चार वर्षं मी किती एकटा होतो हे मला त्या नळीत कळलं. उपाशी माणसाला वास आल्यावर भूक कळते, तसं काहीसं. इलाहीला ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तर त्यानं साऱ्या पेठेत सांगितलं असतं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि टीव्हीसारख्या पडद्यावर चित्रं लावली. करड्या रंगाचे मेंदूचे काप, आणि डाव्या अंगाला वरती एक लाल ठिपका. "हा तुमचा गाळा," बाई म्हणाल्या. मग जरा पुढं, कानाकडे, आणखी दोन फिकट ठिपके दाखवले. "आणि ही बोलण्याची जागा. मी तुमच्या हाताला नुसतं ब्रशनं शिवले तेव्हा इथं काही नव्हतं. इलाहीकाकांनी भाव दिला की इथंही रक्त वाढतं. तुमच्या डोक्यात हे शिवणं नाहीच काका, हे बोलणं आहे." त्यांना इतका आनंद झाला होता की त्या खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हत्या. इलाही चहा सांगायला खाली गेला.

तो जाईपर्यंत मी थांबलो आणि पिशवीतून फिल्म काढली.

"डॉक्टरबाई, एक विचारायचंय. हे माझ्या मंडळींचं आहे. चौऱ्याण्णवचं."

त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. एकेक काप निरखून पाहिला. मग विचारलं, "बोलता येत नव्हतं ना त्यांना?"

"नाही."

"उजवा हात हलत होता?"

"चांगला हलत होता. तेच सांगतोय." मग मी सगळं सांगितलं. गोधडीखालची बोटं, वाटी, आवक, सात दिवस, बाकडं. सांगायला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. शेवटी म्हटलं, "मला एवढंच सांगा, ती मला जा म्हणत होती का?"

बाईंनी फिल्मवरच्या एका काळ्या डागावर बोट ठेवलं. मग माझ्या पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. मी अडाणी नाही. जन्मभर राशीच्या रंगावरून माल ओळखलेला माणूस आहे. दोन्ही चित्रांतली जागा एकच होती. माझ्या डोक्यात जिथं लाल होतं, तिथंच तिच्या डोक्यात काळं होतं.

"काका, हात हलवायची जागा ह्याच्या थोडी पुढे असते," त्या सावकाश म्हणाल्या. "ती बरीचशी वाचली होती. हाताला कळायची जागा गेली होती. आणि खाली ही बोलण्याची."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या हात मिटू शकत होत्या, पण हातात काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. सकाळी वाटी कळली नाही, तसं."

मी फिल्मकडे पाहत होतो. त्या म्हणाल्या, "असे पेशंट मी पाहिलेत. ते दिसेल ते घट्ट धरतात. प्रमाणाबाहेर घट्ट. कारण धरलंय की सुटलंय हे हाताकडून कळतच नाही. मग पुन्हा धरतात, पुन्हा. तुम्ही एक बोट दाबलंत की दोन, त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. फिल्मवर मन दिसत नाही काका, मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण ती चार बोटं म्हणजे तुमचा आकडा होता असं मला वाटत नाही. त्या तुमचा हात सापडतोय का ते बघत होत्या."

मला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. चार वर्षं ज्याच्यासाठी तळमळलो, ते एका पोरसवदा बाईनं दहा मिनिटांत सांगितलं. ती मला जा म्हणत नव्हती. मला वाटलं होतं हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. मी वाट पाहिली. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डाव्या हाताला कळलं असतं?"

बाईंनी फिल्मची कड सरळ केली.

"सांगा ना. कळलं असतं?"

"हो," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताला कळलं असतं. डाव्या गालाला, डाव्या खांद्याला. ती बाजू चांगली होती."

डावी बाजू भिंतीकडे होती. खाट हातभर ओढली असती तर मला पलीकडं बसता आलं असतं. पण बोटांनी बोलायचं ते उजव्या हातानं, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की दुसरा हात तिला आहे हेच मला सुचलं नाही. सात दिवस मी तिच्या मेलेल्या हाताला प्रश्न विचारत होतो. आणि ती शोधत राहिल्यावर, सौदा मोडतात तसा मी हात काढून घेतला.

इलाही तीन कप चहा घेऊन वर आला. आमची तोंडं पाहून त्यानं ट्रे खाली ठेवला. बाई फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या. मी त्यांचे आभार मानले की नाही ते आठवत नाही. मानले असावेत.

दुपारी इलाही मला स्टँडवर सोडायला आला. साताऱ्याची गाडी लागायला वेळ होता. आम्ही पाणपोईच्या कट्ट्यावर बसलो. अंगठी त्यानं परत घातली नव्हती, खिशात ठेवली होती, बोट सुजलेलं. "बाईनं काय सांगितलं रं?" त्यानं विचारलं. "मी आलो तवा तुझा चेहरा पडला हुता. डोक्यात काय गाठबीठ न्हाई ना?"

मी त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. तो मधे एकदाही बोलला नाही. बोलघेवडा माणूस, पण पेठेतला आहे. समोरच्याचं पुरं झाल्याशिवाय बोलायचं नाही हे त्याला कळतं.

"म्हंजी वहिनी तुला शोधत हुत्या," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"आन् तू भाईर बसलावतास."

"व्हय."

त्यानं माझी समजूत घातली नाही. तुला काय ठाऊक, तू डॉक्टर थोडाच, असं काही म्हणाला असता तर मी तिथून उठलो असतो. गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा बेल मारली. इलाहीनं पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "पुढल्या रविवारी बाईला आणखी एकदा चित्रं काढायचीत. येतोस का?" मी येतो म्हटलं.

गाडी नदीचा पूल ओलांडून गेली. चार वर्षं मला वाटत होतं की हरणाबाईनं मला घालवून दिलं. ते सोसवत होतं. रागावलेली बायको ओळखीची असते, तिच्यासमोर मान खाली घालून आयुष्य काढता येतं. आता ती रागावलेली नव्हती. ती त्या खाटेवर पडून मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. मी आहे की गेलो हे तिला कळत नव्हतं, आणि शेवटचे दोन दिवस मी खरंच गेलो होतो.

माझ्या बाकड्यापासून तिची खाट नऊ पावलांवर होती. बसल्या बसल्या काही काम नव्हतं म्हणून मी ती तेव्हाच मोजली होती.